तूट, सुविधा आणि शहर : मुंबईच्या वाहनतळ, पुनर्विकास व बसविषयक निर्णयांची समीक्षा

महानगरपालिकेचे ठराव, विकास नियंत्रण नियमावली आणि वार्षिक अर्थसंकल्पीय निवेदने ह्यांचा अभ्यास सामान्यतः अर्थशास्त्राच्या व नगररचनेच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. भाषेच्या अंगाने त्यांच्याकडे पाहण्याची प्रथा मराठीत फारशी नाही. तथापि ह्या लेखनात काही शब्द असे रूढ झालेले आहेत की, सभागृहात चर्चा सुरू होण्यापूर्वीच अर्धा निर्णय त्या शब्दांनी करून टाकलेला असतो. ‘तूट’ हा त्यांपैकी एक आणि ‘सुविधा’ हा दुसरा. मुंबईच्या बससेवेविषयी बोलताना पहिला शब्द न चुकता येतो. वाहनतळाविषयी बोलताना दुसरा. गेल्या वीसपंचवीस वर्षांत मुंबई महानगरपालिकेने व राज्य शासनाने शहराच्या मध्यभागाविषयी जे निर्णय घेतले, त्यांची संगती ह्या दोन शब्दांच्या वाटणीवरून पुष्कळशी लागते.

‘तूट’ हा तसा निरुपद्रवी शब्द. जमेपेक्षा खर्च अधिक झाला म्हणजे मधले जे अंतर राहते ते तूट. त्याचा सख्खा शेजारी ‘तोटा’ हा मात्र व्यापाऱ्याच्या पेढीवरचा शब्द आहे. त्यात धंदा बुडत असल्याची, कोणाची तरी चूक झाल्याची सूचना आहे. बेस्ट उपक्रमाच्या हिशेबात जी तूट असते, तिचा वृत्तपत्रात येईपर्यंत तोटा होतो आणि सभेतील भाषणात तो ‘वाढता तोटा’ बनतो. रस्त्याच्या बाबतीत असे घडत नाही. रस्त्यावर केलेला खर्च परत येत नाही, तो यावा अशी अपेक्षाही कोणी धरीत नाही. म्हणून त्यास तूट म्हणण्याचा प्रसंगच उद्भवत नाही. तो ‘भांडवली खर्च’ होय.

ही वाटणी मुंबईत प्रथमपासून होती असे मात्र नाही. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती खाजगी कंपनीची. १९०७ मध्ये ती विजेवर धावू लागली. त्याच कंपनीकडे वीजपुरवठाही असल्यामुळे वीज आणि प्रवास ह्यांची जी जोडी जमली, ती नंतर शतकभर टिकली. १५ जुलै १९२६ रोजी पहिली बस अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या अवघा आठवडाभर आधी, महानगरपालिकेने ही कंपनी विकत घेतली आणि शहराचा प्रवास हा शहराच्या कारभाराचा भाग झाला. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरकडे गेली. ट्राम बंद करताना ती रस्त्यातील इतर वाहनांस अडथळा होते, असे एक कारण पुढे केले जात असे. अडथळा कोणाचा कोणास, हा प्रश्न तेव्हाही फारसा विचारला गेला नाही.

ह्या सर्व काळात बसच्या खर्चाचा मोठा भार विजेच्या उत्पन्नावर होता. दक्षिण मुंबईतील दुकानदार व कचेऱ्या विजेचे जे पैसे भरीत, त्यांतला काही भाग गोरेगाव-मुलुंडच्या प्रवाशाच्या तिकिटास लागे. ही व्यवस्था हिशेबाच्या दृष्टीने शुद्ध नव्हती हे मान्य करावयास हवे. बेस्टची वीज बेटावरील शहरापुरती आणि बस मात्र उपनगरांत व त्यापलीकडेही, तेव्हा एका वस्तीने दुसऱ्या वस्तीचा प्रवासखर्च का सोसावा, असा आक्षेप घेण्यास जागा होती. २००३ चा विद्युत कायदा आल्यावर हा आक्षेप कायद्याच्या भाषेत मांडला गेला. वीजदरातून वाहतुकीची तूट भरून काढण्याचा प्रश्न नियामक आयोगापुढे व न्यायालयांपुढे वर्षानुवर्षे घोळत राहिला आणि २०१० नंतरच्या दशकात तो आधार अखेर निखळला. आक्षेप न्याय्य असला तरी त्यातून एक कर्तव्य निष्पन्न होत होते, ते कोणी उचलले नाही. विजेचा आधार गेला, तर त्याची जागा शहराच्या सर्वसाधारण करांनी घ्यावयास हवी होती. पालिकेने पैसे दिलेच नाहीत असे नव्हे; दिले ते कधी कर्ज म्हणून, कधी मदत म्हणून, कधी अटी घालून. सेवेची किंमत म्हणून ते नियमाने दिले गेले नाहीत. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांहून अधिक बसगाड्या बाळगणाऱ्या ह्या उपक्रमाकडे २०२५ मध्ये भाड्याने घेतलेल्या गाड्या धरूनही तीन हजार भरत नव्हत्या.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळावे. २००८ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत ३३(२४) हे कलम आले. त्याचा आशय थोडक्यात असा : खाजगी भूखंडावर जो विकासक सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेच्या स्वाधीन करील, त्यास मोबदल्यादाखल अतिरिक्त चटई क्षेत्र मिळेल. पालिकेच्या तिजोरीतून पैसा जावयाचा नाही आणि वाहनतळ तर मिळावयाचा, असा हा वरवर पाहता बिनखर्ची व्यवहार होता. चटई क्षेत्र म्हणजे पैसाच, हे मुंबईत शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु तो पैसा अर्थसंकल्पाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नसल्यामुळे तो खर्च झाला असे कोणासही वाटले नाही. जो खर्च लिहिला जात नाही, त्याची तूटही निघत नाही.

ह्या कलमान्वये जे वाहनतळ उभे राहिले ते बव्हंशी मोठमोठ्या बांधकामांच्या पोटात होते. त्यांची जागा गरजेने ठरली नव्हती. विकासकाचा भूखंड जेथे होता तेथे वाहनतळ झाला. पुढे ते पुरेसे भरेनात. रस्त्यावर फुकट वा नाममात्र दराने मोटार उभी करता येत असताना इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावर ती चढविण्याची हौस कोणास असणार? तेव्हा ७ जुलै २०१९ पासून पालिकेने अशा वाहनतळांच्या आसपास पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर मोटार उभी करणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड लावण्याचे ठरविले. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. आधी सुविधा निर्माण केली आणि मग तिची गरज निर्माण करण्यासाठी दंडाची योजना केली, असा हा उलटा क्रम आहे. रस्त्यावरील जागेचे रास्त भाडे प्रथम आकारले असते, तर किती वाहनतळ खरोखर लागतात हे दिसून आले असते. परंतु भाडे आकारण्याचे प्रस्ताव जेव्हा जेव्हा पुढे आले, तेव्हा तेव्हा रहिवाशांच्या व लोकप्रतिनिधींच्या विरोधापुढे ते ढिले पडले. पुण्याचा अनुभव ह्याहून वेगळा नाही. तेथील महानगरपालिकेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले ते पाच रस्त्यांपुरते, आणि त्या पाच रस्त्यांवरही त्याचा अंमल होऊ शकला नाही.

योगायोग असा की, ह्या दंडानंतर दोनच दिवसांनी, ९ जुलै २०१९ रोजी, बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले. पालिकेने उपक्रमास अर्थसाहाय्य देण्याचे कबूल केले व त्याच्या मोबदल्यात भाडे उतरविणे आणि भाडेतत्त्वावरील बसगाड्या घेणे ह्या गोष्टी झाल्या. काही आठवड्यांतच प्रवाशांची संख्या ठळकपणे वाढली. प्रवासी बसकडे पाठ फिरवितात म्हणून बस तुटीत जाते, ह्या आवडत्या सिद्धांतास इतके सरळ उत्तर क्वचितच मिळाले असेल. त्या उत्तराचा उपयोग मात्र करून घेतला गेला नाही. गाड्या वाढल्या नाहीत, उलट जुन्या बाद होत गेल्या. थांब्यावरचा माणूस पाच रुपयांत प्रवास करण्यास मोकळा झाला, फक्त बस येईपर्यंत त्याने उभे राहावयाचे होते. ९ मे २०२५ पासून किमान भाडे दहा रुपये झाले. भाडेवाढीचे समर्थन अर्थातच तुटीने केले गेले.

भाडेतत्त्वाच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. तीत गाडी कंत्राटदाराची व चालकही त्याचाच. उपक्रमाने किलोमीटरमागे पैसे द्यावयाचे आणि वाहकाकरवी तिकिटे कापावयाची. हिशेबाच्या वहीत ही व्यवस्था आकर्षक दिसते, कारण निवृत्तिवेतन, कार्यशाळा, सुटे भाग ही सर्व कलमे तिच्यात दिसेनाशी होतात. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या वहीत गेलेली असतात. एखाद्या कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून हात काढून घेतला की त्या मार्गावरच्या गाड्या एका रात्रीत नाहीशा होतात. मुंबईत असे एकाहून अधिक वेळा घडले. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यास भाडेतत्त्वावरील विजेची बस गर्दीत घुसून अनेक जण मृत्युमुखी पडले, तेव्हा अशा चालकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न प्रथमच सर्वसामान्यांच्या चर्चेत आला. प्रश्न मात्र जुना होता.

वाहनतळ आणि बस ह्यांचा पुनर्विकासाशी असलेला संबंध गिरणगावात स्पष्ट दिसतो. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या अगदी मध्यावर, दोन लोहमार्गांच्या काठाने पसरलेली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ह्या गिरण्यांचे भवितव्य जवळजवळ ठरल्यासारखेच होते. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या कलमाने ह्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे केले : एक पालिकेस मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळास आणि एक मालकास. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटप केवळ बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरते राखले. आणि गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ह्या दुरुस्तीचा सार्वजनिक हिताच्या बाजूने अर्थ लावला, पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. हा इतिहास परिचित आहे. कमी परिचित आहे ती गोष्ट अशी की, ह्या जमिनीवर जे उभे राहिले त्यात मोटारींची सोय नियमाने बंधनकारक होती आणि माणसांच्या येण्याजाण्याची नव्हती.

नियमावलीतील वाहनतळाचे कोष्टक वाचनीय आहे. लहान घरे असतील तर चार घरांमागे एक मोटार, घर मोठे असेल तर एका घरामागे दोन. कार्यालयांस क्षेत्रफळाच्या प्रमाणात. ही जागा चटई क्षेत्राच्या गणनेतून वगळलेली. म्हणजे मोटारीसाठी बांधलेले मजले हे नियमाच्या डोळ्यांना मजलेच नव्हेत. जेथे माणसाच्या प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब होतो, तेथे मोटार बेहिशेबी राहते. लोअर परळच्या आणि वरळीच्या मनोऱ्यांना जे सातआठ मजल्यांचे आंधळे पोडियम आहेत, त्यांचा उगम ह्या वगळण्यात आहे. रस्त्याने चालणाऱ्यास खिडकी दिसत नाही, दुकान दिसत नाही, दिसते ती झडपांची भिंत. इमारतीखालच्या वाहनतळाची जागा विकासकास स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये स्पष्ट केले. तथापि त्या जागेचा खर्च घराच्या किमतीत मिसळून मोटार नसलेल्याकडूनही वसूल होतो, ह्यास तो निकाल कसा आवर घालणार?

ह्या मनोऱ्यांतील कचेऱ्यांत काम करणारी माणसे मात्र मोटारीने येत नव्हती. ती विरार-कल्याणहून आगगाडीने येत आणि एल्फिन्स्टन रोड व परळ ह्या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावरून उतरत. जो पूल गिरणी कामगारांच्या पाळ्यांस पुरत होता, तोच ह्या नव्या गर्दीच्या वाट्यास आला होता. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात त्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. पूल रेल्वेचा होता, पालिकेचा नव्हता. आणि त्या दिवशीचा दोष एका कार्यालयावर लोटणे हे ह्या विवेचनाचे प्रयोजनही नाही. परंतु शेजारच्या प्रत्येक भूखंडावर किती मोटारी उभ्या राहतील हे ज्या नियमावलीने आगाऊ मोजून ठेवले, तिने किती माणसे पायी येतील ह्याची गणती करण्यास कोणासही सांगितले नव्हते, ही गोष्ट नोंदविल्यावाचून पुढे जाता येत नाही. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात, प्रदेशातील एकंदर फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात, असे आढळले होते.

इथपर्यंतच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, वाद केवळ मोटार विरुद्ध सार्वजनिक वाहन असा आहे. अनेक टीकाकार तो तसाच मांडतात. परंतु ती मांडणी पुरी पडत नाही. सार्वजनिक वाहतुकीवर पैसा खर्च होतच नाही म्हणावे, तर मुंबईत मेट्रोची जाळी विणली जात आहेत. आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला आणि त्यावर हजारो कोटी रुपये खर्च झाले. त्यास कोणी तूट म्हटले नाही. खरी रेषा वेगळ्या ठिकाणी आहे. जे बांधले जाते ते सुविधा. जे रोज चालवावे लागते ती तूट. वाहनतळ, उड्डाणपूल, सागरी किनारा मार्ग, भुयारी मेट्रो ही बांधावयाची कामे आहेत. त्यांचा आरंभ असतो, उद्घाटन असते, कंत्राट असते. बस ही चालवावयाची गोष्ट आहे. तिला दररोज पहाटे चालक लागतो, वाहक लागतो, इंधन लागते, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा लागते. बांधून झालेले वाहनतळ रिकामे का राहतात, ह्याचेही उत्तर येथेच आहे. ते बांधण्याची योजना होती, चालविण्याची नव्हती. मेट्रोचे मार्ग जसजसे जुने होतील, तसतशी त्यांच्या चालविण्याची तूटही ह्याच शब्दाने ओळखली जाईल, अशी भीती बाळगण्यास कारण आहे.

सागरी किनारा मार्गाचे उदाहरण ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वरळीच्या सागरी सेतूपर्यंतचा हा सुमारे साडेदहा किलोमीटरचा मार्ग पालिकेने स्वतःच्या पैशाने बांधला. खर्च तेरा हजार कोटींच्या आसपास वा त्याहून अधिक. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला भाग खुला झाला. त्यावर पथकर नाही आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांस प्रवेश नाही. मूळ आराखड्यात बससाठी राखीव मार्गिका होती. रस्ता झाला तेव्हा ती मार्गिका नव्हती. शहराच्या करदात्यांनी मिळून एक रस्ता बांधावा, त्यावरून जाण्याचा हक्क मुख्यतः मोटारवाल्यास मिळावा आणि त्याने त्याबद्दल एक रुपयाही देऊ नये, ह्यास अर्थशास्त्रात अनुदान असेच म्हणावे लागेल. पालिकेच्या मराठीत मात्र ‘अनुदान’ हा शब्द बेस्टसाठी राखून ठेवलेला आहे.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचे आकडे समोर ठेवले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा. त्यात बेस्टला साहाय्य १,००० कोटी. म्हणजे शंभर रुपयांतील सुमारे एक रुपया चौतीस पैसे. किनारा मार्गाच्या वर्सोवा ते दहिसर ह्या उत्तरेकडील टप्प्यासाठी त्याच वर्षी ठेवलेली रक्कम ह्याच्या चौपटीहून अधिक होती. हे आकडे गुप्त नाहीत. ते एकाच निवेदनात थोड्या पानांच्या अंतराने छापलेले आहेत, आणि तरीही ते एकमेकांशेजारी ठेवून कोणी वाचीत नाही, कारण एक ‘पायाभूत सुविधा’ ह्या शीर्षकाखाली येतो व दुसरा ‘साहाय्य’ म्हणून.

ह्यावर एक बळकट आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. बेस्टचा कारभार काटकसरीचा नव्हता. मार्गांची आखणी जुनी, आस्थापनेचा खर्च अवजड, निर्णय संथ. पैसा ओतला की बस सुधारेल, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. आक्षेप खरा आहे. परंतु रस्त्यांच्या बाबतीत हीच कसोटी लावली जात नाही. दर पावसाळ्यात खड्डे पडतात म्हणून रस्ते बांधणे बंद करावे असे कोणी सुचविले नाही. उलट संपूर्ण शहरातील रस्ते काँक्रीटचे करण्यासाठी हजारो कोटींची कामे निघाली. एका खात्यातील दोषास उपाय म्हणून अधिक पैसा आणि दुसऱ्या खात्यातील दोषास शिक्षा म्हणून कमी पैसा, हा भेद काटकसरीच्या तत्त्वातून निघत नाही.

टीकेच्या बाजूचेही काही चुकले आहे. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरची शेवटची जुनी दुमजली बस रस्त्यावरून निघाली, तेव्हा हार घालण्यास व छायाचित्रे काढण्यास मोठी गर्दी लोटली. वृत्तपत्रांचे रकाने आठवणींनी भरून गेले. त्याच वर्षांत शेकडो साध्या, एकमजली बसगाड्या मुदत संपून बाद झाल्या व त्यांच्या जागी तितक्या आल्या नाहीत, ह्याविषयी मात्र त्या प्रमाणात लिहिले गेले नाही. जुन्या वस्तूविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, पण हळहळीने वेळापत्रक पाळले जात नाही. बस हा मुंबईच्या अभिजात जीवनाचा अवशेष म्हणून जोवर रंगविला जाईल, तोवर तिच्या तुटीची चर्चा हिशेबनिसांच्या हाती राहील.

आणखी एक गोष्ट अशी की, हे निर्णय ज्या काळात घेतले गेले त्या काळाचा मोठा भाग लोकनियुक्त सभागृहाविना गेला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. नवी निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे अर्थसंकल्प प्रशासकांनी मांडले व प्रशासकांनीच संमत केले. स्थायी समिती नव्हती, बेस्ट समितीही नव्हती. १८८८ च्या अधिनियमापासून ज्या सभागृहात पाण्याच्या नळापासून ट्रामच्या खांबापर्यंत सर्व गोष्टींवर वाद झाले, तेथे २०२५ ची भाडेवाढ वादाविना झाली. सभागृह असते तर निर्णय बदललेच असते असे नाही. सभागृह असतानाही ३३(२४) कलमाखालचे वाहनतळ उभे राहतच होते. परंतु विरोधी बाकावरील एखाद्या सदस्याने निदान दोन पाने शेजारी ठेवून वाचली असती.

बसची आगारे हा ह्या सर्व कथेचा शेवटचा दुवा होय. पूर्वीच्या काळी शहराच्या कडेला असलेल्या ह्या जागा आता मोक्याच्या झाल्या आहेत. २००० नंतरच्या दशकात त्यांतील काही विकासकांस व्यापारी बांधकामासाठी देण्यात आल्या; मिळणाऱ्या पैशातून तूट भरून निघेल असा हिशेब होता. काही रक्कम मिळाली, काहींवरून तंटे झाले, आणि तूट तशीच राहिली. पुढे आगारांच्या पुनर्विकासाच्या योजना पुन्हा पुढे आल्या. दरम्यान गाड्यांची संख्या घटल्यामुळे आगारांत व बसस्थानकांत जी जागा मोकळी पडली, ती उपक्रमाने खाजगी मोटारी उभ्या करण्यासाठी शुल्क घेऊन खुली केली. ते शुल्क बेस्टच्या हिशेबात जमेच्या बाजूस लिहिले जाते.